अर्धा तास बंद करायची नाही

भावोजी गेल्याचं कळलं तेव्हा मी बोरिवलीच्या घरी दुपारचं जेवून नुकताच आडवा झालो होतो. फोन ताईच्या शेजारच्या पेडणेकर वहिनींचा. "लगेच निघा, तावडे काका बसल्या बसल्या गेले," एवढंच त्या बोलल्या. भावोजींचं जेवण झालं होतं, सोलकढीची वाटी तोंडाला लावली, "आज जरा तिखट झालीय" म्हणाले आणि मान टाकली... ही सगळी हकीगत मला नंतर समजली. त्या क्षणी पायात कुणाच्या चपला आहेत तेही मी पाहिलं नाही. तसाच खाली धावलो, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. टक्. टक् टक् टक्. बॅटरी बसलेली. आणि मग मी तेच केलं, जे असा आवाज आल्यावर मुलुंड, भांडुप, घाटकोपरातला कुठलाही गाडीवाला गेली काही वर्षं करत आला होता. खिशातून फोन काढला आणि भावोजींच्या जंप स्टार्टचा नंबर लावला.

दोनदा रिंग गेली आणि पलीकडून ताईचा आवाज आला. नेहमीचाच, मोठा, ठणठणीत. "जंप स्टार्ट. बोला, गाडी कुठे आहे?"

मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"ताई, मी आहे."

"टकटक होतंय, की काहीच नाही?"

"टकटक."

"आतला दिवा चालू राहिला असेल," ती म्हणाली, आणि तिथे तिचा आवाज फुटला. "रिक्षा करून ये रे."

बोरिवलीहून मुलुंडपर्यंत मी रिक्षात कधी रडलो, कधी हसलो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असा बघत होता की शेवटी मीच त्याला सांगितलं, "मेरे जीजाजी गुजर गये, और मेरी गाडी बंद पडी." त्याला या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. तुम्हाला लागावा म्हणून हे लिहितो आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान, सदानंद तावडे. मूळचे कणकवलीकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात वीजदुरुस्ती विभागात सगळी नोकरी काढली. रिटायर झाले, सत्काराच्या शालीची घडीही मोडली नाही तोच लॉकडाउन लागला. घरात बसून त्यांनी पहिल्या महिन्यात सगळे पंखे उघडून बसवले, दुसऱ्या महिन्यात मिक्सर, आणि ताईच्या शिलाई मशीनकडे मोर्चा वळवला तेव्हा तिने लाटणं उगारलं असं ती सांगते. पुढे निर्बंध उठले, माणसं मास्क लावून खाली उतरली आणि पाहतात तर अख्ख्या सोसायटीत एक गाडी चालू होईल तर शपथ. महिनोन् महिने जागेवर उभ्या राहून सगळ्यांच्या बॅटऱ्या बसल्या होत्या. गॅरेजवाले गावाला. पेडणेकरांना डायलिसिसला जायचं होतं आणि त्यांची गाडी नुसती खाकरत होती. तेव्हा भावोजींनी घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी सोडवली, माळ्यावरची अमेयची, म्हणजे माझ्या भाच्याची, लहानपणची बाबागाडी काढली, तिच्यात ती बॅटरी झोपवली आणि लिफ्टने खाली आणली. वॉचमनने आत वाकून पाहिलं, कारण त्याला वाटलं तावडे काकांना नातू झाला.

त्या बॅटरीला केबल जोडून पेडणेकरांची गाडी चालू झाली आणि ते वेळेवर पोचले. त्या संध्याकाळपर्यंत भावोजींनी सोसायटीतल्या सगळ्या गाड्या चालू केल्या, दुसऱ्या दिवशी समोरच्या सोसायटीतल्या. बाबागाडीचं चाक निखळलं तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, तिच्यावर लाल अक्षरात 'जंप स्टार्ट' आणि फोन नंबर चिकटवला आणि धंदा सुरू झाला. धंदा म्हणताना मला जरा संकोच होतो, पण भावोजी छाती काढून म्हणायचे, "मेव्हणेबुवा, लोकांचे धंदे बसले, माझा दुसऱ्यांची बॅटरी बसली म्हणून उठला." माझी गाडी त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. दिवा चालू ठेवणं, दार नीट न लावणं, एकेक आठवडा तिला हातच न लावणं, हे माझे गुण. मुलुंडहून बोरिवलीला येताना ते वाटेतूनच फोनवर मला धुवायचे. "मेल्या, दिवो बंद करूक काय जाता तुझा?" एरवी त्यांची भाषा साधी, पण रागावले की थेट मालवणीत.

फोन मात्र घरी, ताईकडे. भावोजी बोलके. सुरुवातीला तो त्यांच्याचकडे असायचा तेव्हा ते एका गिऱ्हाइकाचं बॉनेट उघडून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसायचे आणि दोघंही खोळंबायचे. ताईने फोन काढून घेतला. भावोजींना एक साधा फोन दिला, ज्याचा नंबर फक्त तिच्याकडे. त्या दिवसापासून ती कंट्रोल रूम झाली. नकाशावरचं लोकेशन वगैरे तिला पटायचं नाही. एकदा मी समोर बसलेलो असताना कुणीतरी घाबराघुबरा माणूस फोनवर होता.

"मॅडम, मी लोकेशन पाठवतो ना."

"लोकेशन नको. तुमच्यासमोर काय दिसतंय ते सांगा."

"समोर... भिंत आहे."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

त्या बिचाऱ्याने वाचून दाखवलं, "इथे लघवी करू नये."

"उखडलेल्या अक्षरात की नव्या रंगात?"

"नव्या."

"अच्छा, म्हणजे भांडुप स्टेशनच्या मागे. तिथेच उभे राहा, हलू नका. पण भिंतीपासून जरा लांब."

आणि भावोजी बरोबर तिथे पोचले. अर्थात नेहमीच असं व्हायचं नाही. 'गणपतीच्या देवळासमोर' या एका पत्त्यावर तिने त्यांना अख्खी संध्याकाळ कांजूर ते मुलुंड फिरवलं आहे, कारण आमच्याकडे गणपतीच्या देवळासमोर नाही अशी जागा शोधावी लागते. पाचव्या की सहाव्या देवळाशी भावोजी नारळ घेऊन आत गेले आणि म्हणे, देवालाच विचारलं, गाडी कुठेय.

आता त्यांच्या खास पद्धतीबद्दल. केबलचे चिमटे लावले, सेल्फ मारला, गाडी घरघरली की बाकीचे जंप स्टार्टवाले हात झटकतात आणि निघतात. भावोजी तिथून पुढे सुरू व्हायचे. "अर्धा तास बंद करायची नाही," हे त्यांचं वाक्य. बॅटरी पुन्हा भरायची तर गाडी पळायला हवी, हे खरंच आहे. पण भावोजींचा माणसांवर विश्वास नव्हता. त्यांच्या मते माणूस गाडी चालू झाली की दोन गल्ल्या जातो, मग 'बघू या पुन्हा चालू होते का' म्हणून बंद करतो आणि पुन्हा फोन करतो. म्हणून ते स्वतःची व्हॅन तिथेच ठेवून गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसायचे. "चला, फिरून येऊ." आणि फिरायचंच आहे तर उगाच कशाला फिरायचं? मग गाडी मासळी बाजारावरून जायची, गिरणीत दळण टाकलेलं असायचं ते घ्यायचं, विक्रोळीला एखादा जुना सहकारी आजारी असायचा त्याला गाडीच्या खिडकीतून हाक मारायची. उतरणारे फक्त भावोजी. गिऱ्हाईक बिचारं इंजिन चालू ठेवून बसलेलं, पुढच्या सीटवर ओल्या बोंबलांची पिशवी. बँकेचे मॅनेजर, डॉक्टर, एक तर कोर्टातले मोठे वकील, सगळ्यांनी आमच्या भावोजींचे बोंबील वाहिले आहेत.

आश्चर्य म्हणजे कुणी कधी तक्रार केली नाही. मला वाटतं त्याचं कारण तो अर्धा तासच. मुंबईत अनोळखी माणसाच्या शेजारी अर्धा तास बसून, रस्त्याकडे बघत, घाई नसताना बोलायला मिळतं कुठे? लोक बोलायचे. मुलगा ऐकत नाही, ऑफिसात साहेब छळतो, पाठीत चमक येते. भावोजी ऐकायचे आणि सल्ला द्यायचे, बहुतेक वेळा चुकीचा. पाठीच्या चमकेवर त्यांनी एका हाडांच्या डॉक्टरला तिळाचं तेल सांगितलं होतं.

त्यांची एक वरात आमच्या घरात आजही गाजते आहे. घाटकोपरच्या एका हॉलबाहेर नवरदेवाची गाडी बंद. मित्रमंडळींनी लग्नभर तिच्यात गाणी वाजवली होती. भावोजी पोचले तर गाडी फुलांनी अशी मढवलेली की बॉनेट उघडायला फटच नाही. नवरीची आत्या आडवी आली, "हार तोडायचा नाही, अपशकुन होतो." भावोजी म्हणाले, "तोडतो कोण? गाठी सोडू." आणि त्यांनी ते काम सोपवलं कुणाला, तर खुद्द नवरा-नवरीला. शालू सावरत ती मुलगी फुटपाथवर उकिडवी बसली, नवरदेवाने दोरा धरला, ती गाठ सोडवत गेली. नीट काम केलं दोघांनी. गाडी चालू झाली. नवऱ्याचं घर विक्रोळीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण भावोजी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले आणि वळून म्हणाले, "अर्धा तास बंद करायची नाही."

नवऱ्याचे वडील म्हणाले, "अहो, दारात चालू ठेवून उभी करू."

"उभी नको, पळायला हवी. ठाण्याला जाऊन येऊ."

आणि खरंच ती वरात हायवेने ठाण्याला जाऊन आली. तिकडे विक्रोळीला सासूबाई उंबरठ्यावर माप ठेवून, ओवाळणीचं ताट धरून उभ्या. इकडे मुलुंडच्या आसपास मागच्या सीटवरून नवरीचा बारीक आवाज आला, "मला भूक लागलीय." सकाळपासून फोटोग्राफरने तिला घास गिळू दिला नव्हता. भावोजींनी गाडी एका वडापावच्या गाडीजवळ थांबवली, इंजिन चालू, आणि स्वतः उतरून वडापाव आणले. सासरच्या दारात तिने नाव घेतलं ते ओठाला सुकी चटणी लागलेल्या अवस्थेत. पुढे त्या दोघांनी एक फोटो पाठवला. मागे तोंड भरलेले नवरा-नवरी, आणि पुढे भावोजी, डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या, चेहऱ्यावर असा आनंद की पाहुणे ताईला विचारायचे, "मुलाचे वडील का?" ताई म्हणायची, "नाही, बॅटरीवाले."

हा फोटो नंतर कामी आला. भावोजी गेल्यावर हार घालायला त्यांचा एक धड फोटो मिळेना. प्रत्येक फोटोत ते कुणाच्या तरी बॉनेटमध्ये वाकलेले. शेवटी अमेयने तोच फोटो कापून मोठा केला. त्यामुळे आज ताईच्या हॉलमध्ये जो हार घातलेला फोटो आहे त्यात भावोजींच्या डोक्यावर झेंडू आहे, आणि कोपऱ्यात नवरीचं हिरव्या बांगड्यांचं कोपर आलं आहे. भेटायला येणारी माणसं गंभीर चेहऱ्याने हात जोडतात, मग त्यांची नजर त्या कोपरावर जाते आणि मग ती माझ्याकडे बघतात.

व्हॅनबद्दल सांगायचं राहिलं. तिच्यात पुढच्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर नेहमी ती मोठी बॅटरी असायची, बाबागाडीतल्या बॅटरीची थोरली बहीण. मागे ठेवली तर वळणावर कलंडते, आतलं ॲसिड सांडतं, म्हणून तिला पुढे बसवून वर सीटबेल्ट लावलेला. ताई मागे, केबलींच्या भेंडोळ्यात. लग्नाला, बारशाला, कुठेही जायचं असलं तरी हीच बैठक. "ती बया पुढे आणि मी मागे," ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "उन्हात तिच्यावर टॉवेल टाकतात. माझ्यावर कधी टाकला?" एकदा घाटकोपरला हवालदाराने व्हॅन अडवली. आत डोकावला आणि म्हणाला, "काका, बॅटरीला बेल्ट लावलात आणि स्वतःला नाही?" भावोजींनी दंड भरला, तो हसत. मागून ताई म्हणाली, "साहेब, मलाही नाहीये, पण ते तुम्ही ह्यांना सांगू नका, त्यांच्या लक्षात यायचं नाही."

तर अशी ही ताई. आणि तीच ताई भावोजी गेल्यावर खुर्चीत बसली ती बसलीच. दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरेना. भाजीला नाही, देवळात नाही, पेडणेकर वहिनींच्या घरीही नाही. मला सगळ्यात भीती वाटायची ती त्या फोनची. तो वाजतच होता. ज्यांना ठाऊक नव्हतं ते सगळे गाडीवाले फोन करत होते, आणि ताई तो बंद करू देत नव्हती. उचलायची, त्याच ठणठणीत आवाजात "जंप स्टार्ट, बोला" म्हणायची, ऐकून घ्यायची आणि सांगायची, "आज बंद आहे." दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा विचारायचा. "आजही बंद आहे." भावोजी वारले हे दोन शब्द तिच्या तोंडून कुणीही ऐकले नव्हते. आम्ही नाही, नातेवाइकांनी नाही. सगळ्यांना कळवलं ते मी आणि पेडणेकर वहिनींनी. मी एकदा चिडून म्हणालो, "ताई, एकदा काय ते सांगून टाक ना लोकांना." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सांगीन." माझी बहीण अशीच त्या खुर्चीत 'आज बंद आहे' म्हणत म्हातारी होणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं आणि माझी झोप उडाली.

अमेय पुण्याला असतो. गुणी मुलगा आहे, पण कॉम्प्युटरवाला असल्यामुळे त्याला सगळं ओळीने करायला आवडतं. आधी व्हॅन विकायची, मग आईला पुण्याला न्यायची. ताई ना हो म्हणाली ना नाही. सोसायटीही पार्किंगचं हळूच विचारायला लागली होती. एका रविवारी अमेय आला, त्याने व्हॅनवरची लाल अक्षरं गरम पाणी टाकून खरवडून काढली, ती धुतली आणि व्हॅन बघायला गिऱ्हाईक बोलावलं. भांडुपच्या शिर्के बाई, पोळी-भाजी केंद्र चालवतात, डबे पोचवायला मोठी गाडी हवी होती. बाई चारी बाजूंनी फिरून बघू लागल्या. मी उगाचच मोठेपणा घेऊन म्हणालो, "एक नंबर गाडी आहे, बसा, सेल्फ मारून बघा."

बाईंनी किल्ली फिरवली. काही नाही. टकटकसुद्धा नाही.

अख्ख्या पूर्व उपनगरातल्या गाड्या चालू करणाऱ्या माणसाची व्हॅन आमच्यासमोर मेल्यासारखी उभी. पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलेली ती मोठी बॅटरीही इतक्या दिवसांत उतरलेली. अमेयचा चेहरा पडला. मी हसू दाबत होतो, आणि खरं सांगायचं तर रडूही. एवढ्यात शिर्के बाईच आम्हाला धीर द्यायला लागल्या. "घाबरू नका हो, माझ्याकडे एका काकांचा नंबर आहे. लगेच येतात. झकास माणूस!" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावला.

वर, तिसऱ्या मजल्यावर, रिंग वाजली. खाली आम्हाला ती ऐकू आली.

"हॅलो? जंप स्टार्ट ना?" बाई म्हणाल्या. फोनमधून ताईचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. "बोला, गाडी कुठे आहे?" बाईंनी सोसायटीचं नाव सांगितलं. "गेटच्या आत, नारळाच्या झाडाखाली. पांढरी व्हॅन आहे... नाही हो, टकटक नाही, काहीच नाही." माझे डोळे वर गॅलरीकडे लागले. ताई गॅलरीत आली. फोन कानाला. तिने खाली पाहिलं. व्हॅन पाहिली, उघडं बॉनेट, पुसलेली अक्षरं, फोन कानाला लावून उभ्या असलेल्या बाई, आणि माना वर करून तिच्याकडे बघणारे आम्ही मामा-भाचे. मला वाटलं, आता ती म्हणणार, आज बंद आहे.

"थांबा," ताई फोनवर म्हणाली. "आले."

ती लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरली. अंगावर घरातली साडी, पायात भावोजींच्या चपला. आल्या आल्या तिने मला विचारलं, "तुझी गाडी आणलीयस? चालू आहे?" मी म्हणालो, "नवीन बॅटरी टाकली." "मग इथे समोर लाव, तोंडाला तोंड." मी आयुष्यभर भावोजींकडून करंट घेत आलो, त्यांच्या व्हॅनला द्यायची पाळी कधी आली नव्हती. ताई मागे शिरली, स्वतःच्या बसायच्या जागेवरून केबल उचलल्या आणि चिमटे लावायला लागली. लाल इकडे, लाल तिकडे, मग काळा. तिने हे हातानं कधी केलं नव्हतं, फोनवर हजार वेळा ऐकलेलं. शेवटचा काळा चिमटा लावताना ठिणगी उडाली तसा अमेय किंचाळला, "आई!" ती म्हणाली, "गप रे, उडते." आणि शिर्के बाईंकडे वळून, "मारा सेल्फ."

व्हॅन एकदा कण्हली, आणि चालू झाली.

अमेय म्हणाला, "चला, झालं." ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "काय झालं? अर्धा तास बंद करायची नाही." चिमटे काढून केबल तिने मागे टाकल्या आणि ती पुढच्या दाराशी गेली. बेल्ट काढला. "ह्या बयेला उतरव," ती अमेयला म्हणाली. अमेयने ती बॅटरी पोटाशी धरून उतरवली. सीटच्या मधोमध तिचा चौकोनी खड्डा पडला होता. ताईने तो हाताने झटकला आणि ती तिथे बसली, पुढच्या सीटवर, पहिल्यांदा. बेल्ट लावला. मी मुकाट्याने मागे, केबलींच्या भेंडोळ्यात; अमेय खालीच, बॅटरीपाशी. शिर्के बाईंनी व्हॅन हायवेला काढली.

ऐरोलीचं वळण आलं. मग बाई म्हणाल्या, "काका नाही आले ते? माझी गाडी त्यांनी दोनदा चालू केलीय. पहिल्यांदा माझी पोळी-भाजी खाल्ली आणि म्हणाले, भाजीत मीठ जास्त. एवढा राग आला होता मला! पण खरंच जास्त होतं. मुलाकडे गेलेत का?"

ताई खिडकीबाहेर बघत होती.

"ते वारले," ताई म्हणाली.

आणि मग तिने त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं, जे तिने आम्हाला, सख्ख्या माणसांना सांगितलं नव्हतं. जेवायला काय केलं होतं, ते कसे बसले होते, सोलकढी तिखट झालीय म्हणाले. "मिरची माझीच जास्त पडली हो. शेवटचा शब्द काय, तर नाव ठेवून गेले." हे सांगून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी, मोठ्यांदा. शिर्के बाईही रडायला लागल्या. मी तर कधीचाच रडत होतो. व्हॅन सिग्नलला आली, धक्के खायला लागली, तशी ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, "रडा हो, पण क्लच सांभाळा. बंद पडली तर पुन्हा कोण येणार आहे?"

येताना मासळी बाजारावरून आलो. ताई उतरली, आम्ही इंजिन चालू ठेवून बसलो.

व्हॅन शिर्के बाईंकडे गेली. आता तिच्यातून डबे जातात आणि त्यांच्या भाजीत मीठ अगदी बेताचं असतं. पुण्याला जायचं ताईने तूर्त पुढे ढकललं आहे. ती बॅटरी मात्र तिने विकू दिली नाही. ती हॉलमध्ये, फोटोखाली, पाटावर असते. दर आठवड्याला ताई तिला चार्जिंगला लावते आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की तिच्यावर टॉवेल टाकते.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होतो तेव्हा फोन वाजला. "जंप स्टार्ट. बोला, गाडी कुठे आहे?" पलीकडे कुणी घाटकोपरचा होता. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, ते वारले. हो... हो. पण तुम्ही असं करा, शेजारी कुणाची गाडी उभी आहे का बघा. जाऊन हाक मारा, नाही म्हणत नाही कुणी. केबल आहे? मग लाल चिमटा आधी..." असं तिने त्याला शेवटपर्यंत नेलं. फोनमधून गाडी घरघरल्याचा आवाज मलाही आला. "आता अर्धा तास बंद करायची नाही," ती म्हणाली. "आणि ज्याची गाडी लावली ना, त्यालाच शेजारी बसवा. एकटे फिरू नका."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "बसलायस काय? बाजारात बोंबील आले असतील. गाडी आणलीयस ना?"

माझी बॅटरी नवीकोरी आहे. तिला फिरवायची काहीएक गरज नव्हती. मी किल्ली उचलली, आणि ताई पुढच्या सीटवर बसायला माझ्याआधी जिना उतरली.